ऑपरेटरवर चिडलेला अंडरटेकर

नारायणगावहून खोडदला गेलात की शेतांच्या मधोमध जाळीच्या महाकाय थाळ्या दिसायला लागतात. जीएमआरटी, म्हणजे आपली रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ खोडदजवळ एकत्र, उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या, एकूण पसारा २५ किलोमीटरच्या आसपास. आकाशातल्या एखाद्या बिंदूकडे बघायचं ठरलं की या सगळ्या थाळ्या एकाच वेळी तिकडे वळतात. प्रत्येक थाळीखाली कुणी माणूस हँडल फिरवत बसलेला नसतो. आज्ञा एका कंट्रोल रूममधून सुटते. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला गेला असाल तर हे तुम्ही पाहिलंही असेल.

तुमच्यापैकी जे सीसीएनएची तयारी करतायत त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. अभ्यासक्रमात कंट्रोलर-बेस्ड नेटवर्किंग आणि ऑटोमेशन नावाचा भाग आहे, तो बरेच जण पाठ करून सोडून देतात. त्यामागचा प्रश्न साधा आहे: कुणाचा संदेश कुठल्या वाटेने जाणार, हे ठरवायचं कुणी? हा प्रश्न एका माणसाला कॉम्प्युटर जन्माला यायच्या आधीच पडला होता, आणि तोही धंद्यातल्या भांडणातून. म्हणून आज त्याची गोष्ट.

अल्मन ब्राउन स्ट्रोजर. जन्म १८३९, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं पेनफिल्ड गाव. तरुणपणी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढला, मग शाळामास्तर झाला आणि शेवटी अंडरटेकर. थांबा, डब्ल्यूडब्ल्यूईवाला नाही! शवपेटीपासून दफनापर्यंत सगळी व्यवस्था बघणारा व्यावसायिक. इंजिनीअरिंगचं शिक्षण शून्य.

तेव्हा टेलिफोन होते, पण डायल नव्हती. रिसीव्हर उचलायचा, पलीकडे ऑपरेटर मुलगी यायची, तिला नाव सांगायचं, ती हाताने वायर जोडून द्यायची. आपल्याकडेही ट्रंक कॉल बुक करून तासन् तास वाट बघायचे दिवस होते, घरी आजोबांना विचारा. आता विचार करा, कॅन्सस सिटीतल्या कुणाच्या घरात मृत्यू झालाय, घाबरलेला नातेवाईक फोन उचलून नुसतं अंडरटेकर हवा म्हणतो. जोडून कुणाला द्यायचं हे सर्वस्वी त्या मुलीच्या हातात.

स्ट्रोजरला संशय आला की त्याचे कॉल मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे वळवले जातायत. ऑपरेटर त्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती, असं सांगतात. या कथेच्या बऱ्याच आवृत्त्या आहेत. एका आवृत्तीत तर दोष कुणाचाच नाही, दुकानाची लोखंडी पाटी वाऱ्याने हलून तारेला लागायची आणि लाइन बंद पडायची. मला स्वतःला ही पाटीवाली आवृत्ती जास्त आवडते. पण संशय खरा असो की खोटा, पुढचं काम खरं होतं.

त्याने ठरवलं की मधला माणूसच काढून टाकायचा. कॉलरच्या गोल पुठ्ठ्याच्या डब्यात टाचण्या खोचून त्याने पहिला नमुना केला असं सांगितलं जातं. पुतण्याची मदत घेतली, १८८९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १० मार्च १८९१ ला ते मिळालं.

यंत्र सुरेख आहे, डोळ्यांसमोर आणून बघा. अर्ध्या नळकांड्याच्या आतल्या बाजूला दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा संपर्कबिंदू, म्हणजे शंभर ग्राहक. मधल्या दांड्याला एक हात. तुम्हाला ४७ नंबर हवाय. विजेचे चार झटके आले की हात चार पायऱ्या वर चढतो. मग सात झटके, की हात सात घरं आडवा सरकतो. जोडणी झाली. कुणाला नाव सांगायला नको, कुणाची मर्जी सांभाळायला नको. वाट ठरवतं ते फक्त फोन करणाऱ्याचं बोट.

३ नोव्हेंबर १८९२ ला इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात असं पहिलं व्यावसायिक एक्स्चेंज सुरू झालं, साधारण ७५ ग्राहकांसाठी. मुलींची गरज नाही, शिव्या नाहीत, वाट बघणं नाही, असा त्याचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात ते जरा कटकटीचं होतं. डायल अजून आलीच नव्हती. बटणं मोजून दाबावी लागायची, मोजण्यात गफलत झाली की फोन भलत्याच घरी. घरोघरी बॅटरी आणि जास्तीच्या तारा लागायच्या, त्या वेगळ्याच. बोटाने फिरवायची डायल १८९६ मध्ये त्याच्या कंपनीतल्या कीथ आणि एरिक्सन बंधूंनी आणली.

आणि त्या मुली? स्वयंचलित एक्स्चेंज आलं म्हणून त्या एका रात्रीत नाहीशा झाल्या नाहीत. फोनच इतके वाढले की ऑपरेटरही पुढची अनेक वर्षं वाढत राहिल्या. पण ज्या गावात यंत्र बसलं तिथलं हाताने जोडून देण्याचं काम गेलं ते गेलंच. शिवाय त्या फक्त वायर जोडत नव्हत्या. डॉक्टर आत्ता कुणाच्या घरी गेलेत, आग लागली तर कुणाला उठवायचं, हे त्यांना ठाऊक असायचं. यंत्राला फक्त नंबर कळायचा. ऑटोमेशनने नोकऱ्या जाणार का, असं कॅन्टीनमध्ये बोलता तेव्हा मला या मुली आठवतात.

आता मजा बघा. ऑपरेटर म्हणजे हाडामांसाचा कंट्रोलर, गावातले सगळे कॉल तिच्या एका डोक्यातून जायचे. स्ट्रोजरने ते डोकं काढून टाकलं आणि निर्णय सुट्या-सुट्या स्विचांमध्ये वाटून दिला. पुढे क्रॉसबार एक्स्चेंज आलं, त्यात वाट शोधण्याचं काम पुन्हा एका सामाईक यंत्रणेकडे गेलं. इंटरनेटच्या राउटरांनी परत वाटणी केली, प्रत्येक राउटर आपल्यापुरता विचार करतो. म्हणून दोनशे स्विचांमध्ये एक बदल करायचा तर दोनशेंमध्ये लॉग-इन करत बसा! २००८ च्या सुमारास स्टॅनफर्डच्या मंडळींनी ओपनफ्लो आणलं आणि विचार करणारा भाग पुन्हा बाहेर, एका सॉफ्टवेअरमध्ये नेला. खालचे स्विच फक्त पॅकेट पुढे ढकलणार, वाट कंट्रोलर सांगणार. तुम्ही पायथॉनमध्ये एक स्क्रिप्ट लिहायची, कंट्रोलर ती सगळीकडे लागू करणार.

म्हणजे स्ट्रोजरने ज्या खुर्चीवरून माणूस उठवला, ती खुर्ची आपण परत मांडलीय. तिच्यावर आता प्रोग्रॅम बसतो. तो बंद पडला तर सगळं अडू नये म्हणून मोठ्या नेटवर्कमध्ये एकाऐवजी तीन कंट्रोलर ठेवतात, तो भाग वेगळा. पण कुणाचं पॅकेट आधी सोडायचं आणि कुणाचं ताटकळत ठेवायचं, हे त्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी माणूसच लिहितो. उद्या कदाचित तुमच्यातलाच एखादा. आणि ग्राहकाला तो दिसत नाही. स्ट्रोजरला निदान कुणावर संशय घ्यायचा हे तरी माहीत होतं.

त्याच्या स्वतःच्या वाट्याला फार काही आलं नाही. १८९६ मध्ये पेटंट १,८०० डॉलरला विकली, १८९८ मध्ये कंपनीतला हिस्सा १०,००० डॉलरला. मग तो फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला जाऊन राहिला आणि २६ मे १९०२ ला तिथेच वारला. वय ६३. त्यानंतर चौदा वर्षांनी तीच पेटंट बेल कंपनीने २५ लाख डॉलर मोजून घेतली. जगभर खडखडणारी त्याची एक्स्चेंज भारतातही कित्येक दशकं चालली, बेंगळुरूच्या आयटीआय कारखान्यात ती बनायची. ब्रिटनमधलं शेवटचं स्ट्रोजर एक्स्चेंज बंद झालं १९९५ मध्ये, म्हणजे आपल्या घरात पहिला मोबाइल यायच्या थोडंसंच आधी.