कल्याणची यमू आणि वंशावळीतली रिकामी जागा

पितृपक्षात घरी श्राद्ध होतं. गुरुजींनी वडील, आजोबा, पणजोबांची नावं विचारली, ती मी धडाधड सांगितली. मग आई, आजी, पणजी. आईचं नाव झालं, आजीचं झालं आणि पणजीपाशी मी अडलो. थोरल्या आत्याकडे पाहिलं, तर तिनंही मान हलवली. गुरुजी क्षणभर थांबले आणि पुढच्या मंत्राकडे वळले. त्यांना हे नवीन नसावं.

मी जन्मभर बँकेत नोकरी केली. एका बाजूची रक्कम दुसऱ्या बाजूला जुळली नाही तर संध्याकाळी घरी जायचं नाही, ही सवय. त्यामुळे डोंबिवलीच्या घरी त्या रात्री झोप येईना. आमची वंशावळ काढून बसलो. सात पिढ्यांचे पुरुष ओळीनं हजर. बायकांच्या जागी कुठे सासरचं एखादं नाव, कुठे नुसती रेघ. तेव्हा आठवण झाली ती आमच्याच कल्याणच्या एका मुलीची, आनंदीबाई जोशी यांची.

पारनाक्याच्या गणपतराव अमृतेश्वर जोशी यांची ही लेक. ३१ मार्च १८६५ रोजी पुण्याला आजोळी जन्मली, वाढली मात्र कल्याणात. नाव यमुना. कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ सालीच आली होती, पण घरातल्या मुलींसाठी काळ अजून बैलगाडीनंच चालला होता. एकेकाळी जमीनजुमला असलेलं घर, पुढे दिवस पालटलेले. वयाच्या नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, मूळचे संगमनेरचे, पोस्टात कारकून, बिजवर आणि वयानं सुमारे वीस वर्षांनी मोठे. माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच, पण नाव बदललंच. यमुनेची आनंदी झाली. एरवी माग काढणाऱ्याच्या हातून दोरा सुटतो तो नेमका इथेच.

तिच्या बाबतीत तो सुटला नाही, कारण गोपाळरावांनी तिला लिहायला शिकवलं. बायकोनं शिकलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता आणि हट्टाची तऱ्हा विक्षिप्त होती. गोपाळराव प्रेमळ शिक्षक होते, अशी गोड गोष्ट आपण मुलांना सांगतो. पुढे अमेरिकेतून नवऱ्यालाच लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत दिली आहे. लाकडानं मारणं, अंगावर खुर्च्या आणि पुस्तकं फेकणं, सारं त्यात आहे. त्याच पत्रव्यवहारात त्यांच्याविषयीची कृतज्ञताही आहे. दोन्ही नोंदी खऱ्या. गैरसोयीची नोंद खोडली तर हिशेब जुळल्यासारखा दिसतो, पण तो खोटा असतो.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर संसार अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता असा फिरला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या काळच्या किती घरांत असं झालं असेल, त्याला गणती नाही. या मुलीनं त्या दुःखातून एक प्रश्न उचलला : बाईला तपासायला बाई डॉक्टर का नसावी?

१८७८ साली गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. तो तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी पत्र घातलं आणि दोघींत मावशी-भाचीचं नातं जुळलं.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी अमेरिकेला का जायचं हे भरसभेत सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, ही त्यांची ग्वाही होती. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. नवरा बरोबर नव्हता, वय अठरा. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. प्रवेशासाठी त्यांनी लिहिलेलं पत्र तिथल्या दप्तरात आजही जपलेलं आहे. १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटोही आहे. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली यांच्या शेजारी आपली ही कल्याणची मुलगी साडी नेसून बसली आहे.

थंडी, परकं अन्न आणि अपार कष्ट यांनी प्रकृती पोखरली. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या, पण क्षयानं गाठलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी डोळे मिटले. बावीसही पुरी नव्हती. कोल्हापूरची ती खुर्ची रिकामीच राहिली.

त्यांना मूलबाळ उरलं नाही. म्हणजे तर्पणाच्या वेळी पणजी म्हणून त्यांचं नाव घेणारं कुणी नाही. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथल्या स्मशानभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती पुरली आहे आणि वर नावाचा दगड आहे. परक्या घरानं आमच्या मुलीला आपल्या वंशावळीत जागा दिली, असंच मी मानतो. वर्षभरातच, १८८८ साली कॅरोलाइन डॉल यांनी इंग्रजीत त्यांचं चरित्र छापलं. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं. पुढे श्री. ज. जोशी यांची कादंबरी आली, आणि अंजली कीर्तने यांनी कागदपत्रं धुंडाळून चरित्र सिद्ध केलं.

आनंदीबाई थोर होत्या म्हणून त्यांचे कागद राहिले, असं आपण म्हणतो. मला वाटतं, ते अर्धंच खरं आहे. कागद राहिले, कारण त्या स्वतः लिहीत होत्या आणि पलीकडे कुणीतरी त्यांचा शब्द जपून ठेवण्याजोगा मानत होतं. माझ्या पणजीला यातलं एकही भाग्य मिळालं नाही.

मग मी शोधायला निघालो. शाळेच्या रजिस्टरात ती असणार नव्हती, कारण शाळेतच गेली नव्हती. जमिनीच्या कागदावर पणजोबा आणि त्यांचे भाऊ. नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत आमच्या घराण्याची नोंद निघाली, तिथे पणजोबांच्या सहीखाली सहकुटुंब एवढाच शब्द. अखेर कल्याणच्या जुन्या घरी, माळ्यावरच्या पितळी भांड्यांत, एका तांब्याच्या गळ्याशी ठोकलेली अक्षरं दिसली. चिंच लावून घासला. चि. गंगू, आणि पुढे लग्नाचा शक.

पुढच्या पितृपक्षात मी ते नाव सांगितलं. गुरुजी म्हणाले, हे माहेरचं, सासरचं लागेल. मी म्हटलं, सासरचं आमच्याच घरानं हरवलं आहे, सध्या याच नावानं पाणी सोडू.

त्यांनी थोडा विचार केला आणि पळी माझ्या हाती दिली.