पाळक ओबर्लिन आणि त्यांच्या बाळशाळा

लहान बाळांस शिकविणें हें कोणाचें काम, असा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांत निघाला म्हणजे बहुधा एकच उत्तर ऐकूं येतें : ज्यास दुसरें काम जमत नाहीं त्याचें. मोठ्यांस शास्त्र समजावून देण्यास उपदेशक पाहिजे, वरच्या वर्गांस शिकलेला मास्तर पाहिजे. पण बाळांपुढें कोणीहि बसलें तरी चालतें, अशी समजूत पुष्कळांच्या मनांत घर करून राहिली आहे. ही समजूत किती घातक आहे, आणि एका गरीब डोंगरी मंडळींतून ती कशी घालविली गेली, हें समजण्यास पाळक जॉन फ्रेडरिक ओबर्लिन ह्यांचें चरित्र फार उपयोगी आहे. म्हणून तें आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ओबर्लिन ह्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजीं आल्सास प्रांतांतील स्ट्रासबुर्ग शहरीं झाला. हें शहर तेव्हांहि, आजच्याप्रमाणेंच, फ्रान्सच्या राज्यांत होतें. त्यांचे वडील तेथील विद्यालयांत शिक्षक होते, आणि वडील बंधु पुढें मोठे विद्वान् म्हणून नांवाजले. घरीं संपत्ति नव्हती, पण देवाचें भय आणि विद्येची आवड हीं दोन्ही होतीं. विश्वविद्यालयांतील अभ्यास झाल्यावर ओबर्लिन ह्यांनीं एका शस्त्रवैद्याच्या घरीं कांहीं वर्षें मुलांस शिकविण्याचें काम केलें, व तेथें थोडें वैद्यकहि शिकून घेतलें. हें ज्ञान त्यांस पुढें डोंगरांतील गरिबांची शुश्रूषा करतांना फार कामीं आलें.

स्ट्रासबुर्गच्या नैर्ऋत्येस व्होज नांवाचा पर्वत आहे. त्यांत बान द ला रोश म्हणून एक डोंगरी मुलूख आहे. वाल्डर्सबाख, बेलमाँ, बेलफॉस, फूदे व सोल्बाख हीं त्यांतील गांवें. जमीन खडकाळ, हिवाळा लांब, बर्फ पुष्कळ, वाटा नाहींत. लोक लूथरपंथी ख्रिस्ती खरे, पण दारिद्र्यानें गांजलेले. आणि त्यांची बोली इतकी निराळी कीं पुस्तकांतील फ्रेंच भाषा त्यांस नीट कळत नसे.

इ. स. १७५० च्या सुमारास तेथें स्टूबर नांवाचे पाळक नेमले गेले. त्यांनीं येतांच गांवची शाळा पाहण्याची इच्छा दर्शविली. लोकांनीं त्यांस एका झोपडींत नेलें. तेथें पुष्कळ मुलें गोंगाट करीत होतीं, आणि कोपऱ्यांत बिछान्यावर एक अशक्त म्हातारा पडला होता. तोच शाळामास्तर! मुलांस काय शिकवितां असें विचारतां त्यानें प्रांजळपणें सांगितलें कीं, आपणास स्वतःलाच कांहीं येत नसल्यामुळें आपण कांहींच शिकवीत नाहीं. मग ह्याची नेमणूक झाली तरी कशी? तर तो पूर्वीं गांवचीं डुकरें राखीत असे. वयामुळें तें काम झेपेना, तेव्हां गांवानें त्याच्याकडे मुलें राखण्याचें काम दिलें. वाचक हो, डुकरांमागें धांवण्यास अंगांत बळ लागतें, पण मुलांस बळ, बुद्धि, ज्ञान ह्यांपैकीं कशाचीहि गरज नाहीं, असा त्या गांवाचा हिशेब होता. हें ऐकून आपणांस हसूं येतें. परंतु हसण्यापूर्वीं आपल्या गांवचा हिशेब कोणता आहे हें पाहणें बरें.

स्टूबर ह्यांनीं चांगले शिक्षक मिळविण्याचा यत्न केला. पण शाळामास्तर हें नांवच इतकें हलकें झालें होतें कीं बऱ्या घरचे लोक आपल्या मुलग्यांस त्या कामावर जाऊं देईनात. तेव्हां त्यांनीं एक युक्ति केली. जुनें नांव सोडून शिक्षकांस कारभारी अशा अर्थाचें मानाचें नांव दिलें. मग चांगले तरुण पुढें येऊं लागले. स्टूबर ह्यांनीं सोपें अक्षरपुस्तक तयार केलें, आणि गांवांतून फिरतीं पुस्तकें वाचावयास देण्याची सोय केली. ह्याप्रमाणें पाया घातला गेला.

इ. स. १७६७ त स्टूबर ह्यांस शहरीं जाण्याचें बोलावणें आलें. आपल्या मागून कोण, ह्याची त्यांस मोठी काळजी होती. शोध करतां करतां ते ओबर्लिन ह्यांच्या बिऱ्हाडीं गेले. एका माडीवर हा तरुण दांतदुखीनें बेजार होऊन पडला होता. खाटेचे पडदे कागदाचे होते, आणि दिव्याच्या आंचेवर टांगलेल्या लहानशा भांड्यांत रात्रीचें जेवण शिजत होतें. इतक्या थोडक्यांत समाधान मानणारा माणूसच त्या डोंगरांत टिकेल हें स्टूबर ह्यांनीं ओळखलें. त्याच वर्षीं मार्च महिन्याच्या अखेरीस ओबर्लिन वाल्डर्सबाख येथें दाखल झाले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें २६ वर्षांचें होतें. त्यांनीं तेथें जी सेवा आरंभिली ती ५९ वर्षें, म्हणजे मरेपर्यंत, चालू राहिली.

त्यांनीं रस्ते कसे केले, ब्रूश नदीवर पूल कसा बांधविला, बटाट्याची लागवड व फळझाडें कशीं वाढविलीं, हा मजकूर मोठा आहे. येथें एवढेंच सांगतों कीं, रस्त्याच्या कामास लोक तयार होईनात तेव्हां पाळकानें स्वतः कुदळ खांद्यावर घेतली व खडक फोडण्यास आरंभ केला; मग लोकहि त्यांच्या मागें गेले. शाळागृहांविषयींहि असेंच झालें. नव्या इमारतींचा बोजा आपणांवर पडेल ह्या भयानें लोकांनीं विरोध केला. ओबर्लिन ह्यांनीं स्नेह्यांकडून पैसा जमविला, आपला पैसा घातला, व हळूहळू गांवोगांव शाळागृहें उभीं केलीं.

परंतु शाळेंत जाण्याच्या वयाचीं नव्हेत अशा बाळांचें काय? आईबाप शेतांत किंवा रानांत जात, आणि दोन-तीन वर्षांचीं बाळें घरांत कोंडलेलीं अथवा वाटेवर उघडीं राहत. तेथें तीं शिवीगाळ, खोटें बोलणें, आळस हे धडे आपोआप शिकत. शाळेंत येईपर्यंत त्यांच्या मनाची जमीन तणानें भरून जाई. ओबर्लिन ह्यांनीं पाहिलें कीं, शाळेचें काम शाळेच्या आधींच सुरू झालें पाहिजे.

देवानें त्यांस वाट एका साध्या मुलीकडून दाखविली. बेलमाँ गांवची सारा बाँझे ही स्वतः विणकाम शिकून शेजारपाजारच्या मुलांस आपल्या घरीं बसवून तें शिकवीत असे. ह्यांत कांहीं मिळकत नसल्यामुळें तिच्या वडिलांस हें पसंत नव्हतें. ओबर्लिन ह्यांनीं हें ऐकिलें तेव्हां केवळ शाबासकी देऊन ते परत गेले नाहींत. त्यांनीं तिच्या घरच्यांशीं करार केला, वेतन ठरविलें, आणि १७६९ सालीं तिला त्या कामावर नेमिलें. जें काम शेजारधर्म म्हणून चाललें होतें त्यास ह्याप्रमाणें धंद्याची प्रतिष्ठा आली. सारा १७७४ त ऐन तारुण्यांत प्रभूकडे गेली, पण तिनें लाविलेलें रोप वाढत राहिलें.

ह्या शाळा मोठ्या, उबदार खोल्यांत भरत. हिवाळ्यांत तेथें शेगडी पेटलेली असे, म्हणून लोक त्यांस विणकामाच्या उबदार खोल्या म्हणत. प्रत्येक खोलींत दोन बाया असत. एक हातचें काम शिकवी. दुसरी बोलून, दाखवून, गाऊन मुलांस ज्ञान देई. अगदीं लहानांस मधून मधून खेळूं देत. मोठीं मुलें विणीत, कातीत, शिवीत. आणि त्यांस कंटाळा आला म्हणजे बाई शास्त्रांतील गोष्टींचीं अथवा पशुपक्ष्यांचीं रंगीत चित्रें पुढें मांडून त्यांविषयीं बोले. चित्रांतील वस्तूचें नांव आधीं गांवच्या बोलींत व मग शुद्ध फ्रेंच भाषेंत घेतलें जाई. मुलांच्या ओळखीच्या मुलखाचे नकाशे असत. उन्हाळ्याच्या दिवसांत बाई मुलांस घेऊन रानांत जाई. मुलें झाडपाला गोळा करीत, त्यांचीं नांवें व गुण शिकत. हात धुणें, खरें बोलणें, वडिलांचा मान राखणें, प्रभूची प्रार्थना करणें, हें सर्व बाळें दिवसभराच्या वागण्यांतच शिकत. तेथें ओझें नव्हतें, धाक नव्हता. पण वेळ फुकटहि जात नव्हता.

आतां आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें तें हें. ओबर्लिन ह्यांनीं खोल्या भाड्यानें घेतल्या, चित्रें जमविलीं, परंतु सर्वांत अधिक श्रम त्यांनीं ह्या बायांवर घेतले. त्यांची निवड त्यांनीं चालचलणूक व प्रेमळपणा पाहून केली. त्यांस आधीं स्वतः ओबर्लिन व त्यांची पत्नी मादलेन सालोमे ह्यांनीं शिकविलें. कारण जिला वनस्पतींचीं नांवें ठाऊक नाहींत ती तीं मुलांस कशीं सांगणार, आणि जिची भाषा अशुद्ध ती शुद्ध भाषा कशी देणार? त्यांस त्यांनीं वेतन दिलें, बहुधा आपल्या पदरचें. आणि त्यांस त्यांनीं मानाचें नांव दिलें. त्या केवळ राखणाऱ्या नव्हत, तर बाळांस हातीं धरून वाट दाखविणाऱ्या होत, असा त्या नांवाचा अर्थ होता. निवड, शिक्षण, वेतन व मान ह्या चार गोष्टी जेथें मिळाल्या तेथें काम चांगलें झालें. ह्यांतील एक जरी तुटली तरी बाळशाळा ही पुन्हा त्या म्हाताऱ्याची झोपडी व्हावयास वेळ लागत नाहीं.

ह्या बायांत लुईझ शेप्लर हिचें नांव सर्वांत प्रसिद्ध आहे. तिचा जन्म १७६३ त बेलफॉस येथें एका गरीब घरीं झाला. सुमारें पंधरा वर्षांची असतां ती पाळकांच्या घरीं कामास राहिली, आणि लवकरच बाळशाळांच्या कामांतहि पडली. हिवाळ्यांत बर्फ तुडवीत ती डोंगर ओलांडून गांवोगांवच्या खोल्यांत जाई. १७८३ च्या जानेवारींत ओबर्लिन ह्यांच्या पत्नी वारल्या, आणि घरांतील आईवेगळ्या मुलांचा सांभाळहि लुईझवर आला. पुढें तर तिनें वेतन घेण्याचें सोडलें, आणि आपणास चाकर न समजतां लेक समजावें एवढेंच पाळकांजवळ मागितलें. तें मागणें त्यांनीं आनंदानें मान्य केलें.

इतक्यांत फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. १७९४ सालीं सार्वजनिक उपासना बंद पडल्या, आणि ओबर्लिन ह्यांस पकडून नेण्यांत आलें. पण थोड्याच दिवसांत त्यांची सुटका झाली. नवल हें कीं, त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत राष्ट्रसभेनें फ्रेंच भाषेच्या प्रसाराबद्दल त्यांचा सन्मानानें उल्लेख केला. राजे गेले, प्रजासत्ताक आलें, बादशहा झाला, पुन्हा राजे आले. पण विणकामाच्या खोल्यांतील काम चालूच राहिलें. १८१८ त शेतकीच्या सुधारणेबद्दल पॅरिसच्या कृषिसंस्थेनें त्यांस सुवर्णपदक दिलें, व १८१९ त राजाकडून मानाचें बिरुद मिळालें. ह्या सन्मानांपुढेंहि त्यांचा नित्यक्रम बदलला नाहीं. ज्यांच्यासाठीं प्रार्थना करावयाची त्यांचीं नांवें ते आपल्या खोलीच्या दारावर खडूनें लिहून ठेवीत, व एकेकाचें नांव घेऊन देवापुढें गुडघे टेकीत.

१ जून १८२६ रोजीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं, पाळक ओबर्लिन प्रभूमध्यें निजले. फूदे येथील देवळाच्या आवारांत त्यांस पुरलें, आणि अंत्ययात्रेंत आसपासचे रोमन कॅथलिक लोकहि अश्रु ढाळीत चालले. मृत्युपत्रांत त्यांनीं लुईझला आपल्या मुलांच्या हवालीं केलें होतें. मुलांनीं तिला वारशांत बरोबरीचा वांटा देऊं केला. तिनें तो घेतला नाहीं. आपल्या नांवास ओबर्लिन हें नांव जोडण्याची परवानगी मात्र मागून घेतली. १८२९ त फ्रान्सच्या विद्वत्सभेनें सद्गुणाबद्दलचें मोठें पारितोषिक, ५००० फ्रँक, ह्या खेडवळ बाईस दिलें, आणि तिच्या कामाची हकीकत कूव्हिए नामक जगप्रसिद्ध शास्त्रज्ञानें सभेपुढें मांडली. तो पैसा तिनें बाळशाळांच्याच कामीं लाविला. ती १८३७ त मरण पावली.

त्याच १८३७ सालीं जर्मनींत ब्लांकेनबुर्ग येथें फ्रोबेल ह्यांनीं ती शाळा काढिली जिला पुढें बालोद्यान हें नांव मिळालें, आणि त्याच्या आदल्या वर्षीं कायझर्सवर्थ येथें पाळक फ्लीडनर ह्यांनीं बाळशाळांच्या शिक्षिकांस तयार करण्याचा वर्ग सुरू केला. फ्रान्सनें पुढें बाळशाळा आपल्या सार्वजनिक शिक्षणांतच सामील केल्या. तारखा पाहिल्या तर बेलमाँच्या त्या विणकामाच्या खोलीचा दिवा ह्या सर्वांच्या साठ-सत्तर वर्षें आधींच लागला होता. १८३३ सालीं अमेरिकेंत ओहायो येथें निघालेल्या महाविद्यालयास ओबर्लिन ह्यांचेंच नांव दिलें आहे, आणि वाल्डर्सबाख येथील त्यांच्या जुन्या घरीं आज त्यांचें वस्तुसंग्रहालय आहे.

प्रिय वाचक हो, प्रभूनें बाळांस दूर सारणाऱ्या शिष्यांस दटाविलें व बाळांस जवळ घेतलें, हें आपण जाणतों. तर मग बाळांचा वर्ग ज्याच्या हातीं द्यावयाचा तो माणूस निवडतांना आपण कां कंजूषपणा करावा? शब्बाथ शाळेंतील बाळांच्या वर्गास मंडळींतील उत्तम बहीण नेमा. ती तयारी करून येते कीं नाहीं हें पाळकानें व उपदेशकानें पाहावें. तिला चित्रें, पुस्तकें व बसावयास स्वच्छ जागा द्यावी. आपल्या देशांत १९७५ पासून सरकारनें अंगणवाड्या सुरू केल्या आहेत. तेथील सेविकेस गांवची चाकर न समजतां मुलांची पहिली गुरु समजा, आणि तिच्या कामास हातभार लावा. तिच्यापाशीं येणाऱ्या बाळांचे आईबाप कोणत्याहि धर्माचे असोत, तीं बाळें एकाच स्वर्गीय पित्याचीं आहेत.

ओबर्लिन ह्यांजवळ धन नव्हतें, त्यांची मंडळी आपल्या मंडळ्यांहून श्रीमंत नव्हती, आणि त्यांचे डोंगर आपल्या डोंगरांहून सोपे नव्हते. तरी त्यांनीं सर्वांत लहानांसाठीं सर्वांत चांगली माणसें शोधिलीं. तशी दृष्टि प्रभु आपल्या मंडळ्यांस देवो.