पाखरांची कैवारी : रेचेल कार्सन

आमच्या लहानपणी गावात हिवतापाची फवारणी झाली की भिंतींवर डीडीटीचे पांढरे डाग उठत. डास मरतात म्हणून सर्वांना बरे वाटे. त्याच औषधाची दुसरी बाजू जगापुढे मांडली ती रेचेल कार्सन या बाईंनी.

त्यांचा जन्म १९०७ साली अमेरिकेतील स्प्रिंगडेल गावी झाला. पाखरे, झाडे ओळखायला आईनेच शिकविले. पुढे त्या प्राणिशास्त्र शिकून सरकारी मत्स्यखात्यात लागल्या. लग्न केले नाही, तरी संसार चुकला नाही. वडील गेले, बहीण गेली. आईला व दोन भाच्यांना त्यांनीच सांभाळले. पुढे एक भाची वारली, तेव्हा तिच्या लहान मुलालाही पदरात घेतले.

त्या काळी तिकडे एल्म झाडांवरील किडे मारण्यासाठी डीडीटी फवारीत. विष पानांवर बसे, पाने गळून गांडुळे ती खात, आणि गांडुळे खाऊन रॉबिन पाखरे मरत. असे विष एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात साठत जाते व माणसाच्या अन्नातही येते, हे बाईंनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात पुराव्यानिशी लिहिले. कीटकनाशके बनविणारे त्यांच्यावर तुटून पडले. त्यातच बाईंना कर्करोग झालेला. त्याविषयी चारचौघांत अवाक्षर न काढता १९६३ साली त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी त्या वारल्या. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीच्या फवारणीवर बंदी आली.

औषध मुळीच वापरू नका, असे त्यांचे म्हणणे नव्हते. परिणाम जाणून वापरा, एवढेच होते. घरात झुरळांचे औषध मारण्यापूर्वी आपणही अन्नपाणी झाकावे, मुलांना बाहेर न्यावे आणि या बाईंची आठवण ठेवावी.