मलिक अंबर

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात इथिओपिया हा डोंगराळ देश आहे. अरब लोक या प्रदेशाला ‘हबश’ म्हणत. त्यामुळे तेथून भारतात आलेल्या लोकांना ‘हबशी’ हे नाव पडले. पुढे त्यांना ‘सिद्दी’ असेही म्हटले जाऊ लागले. सोळाव्या शतकात तांबड्या समुद्रातून आणि अरबी समुद्रातून माणसांचा व्यापार चालत असे. धान्य, कापड, घोडे यांच्याबरोबर माणसेही विकली जात. या व्यापारात सापडलेला एक मुलगा पुढे दख्खनच्या राजकारणाचा सूत्रधार झाला. इतिहास त्याला मलिक अंबर या नावाने ओळखतो.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. बालपणी त्याचे नाव चापू होते, असे सांगतात. लहान वयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. येमेनमधील मोखा बंदर, तेथून बगदाद असा त्याचा प्रवास झाला आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा धनी बदलला. बगदादच्या मीर कासीम नावाच्या धन्याने या मुलाची बुद्धी हेरली. त्याने त्याला शिक्षण दिले आणि ‘अंबर’ असे नवे नाव ठेवले. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारा एक मौल्यवान सुगंधी पदार्थ. नाव सुंदर होते. परंतु ते धन्याने दिलेले होते. आईवडिलांनी ठेवलेले नाव आणि जन्मभूमी दोन्ही मागे पडली.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याने त्याला विकत घेतले. चंगेझखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलामही होता. दख्खनच्या सुलतानांना आणि सरदारांना असे परदेशी गुलाम सैन्यासाठी हवे असत. या मुलुखात त्यांचे भाऊबंद नसत, त्यामुळे ते केवळ धन्याशी एकनिष्ठ राहतील, असा त्यामागचा हिशेब होता. मात्र येथील गुलामगिरी जन्मभराची असेच असे नाही. धनी वारला किंवा त्याने मुक्त केले, की पराक्रमी गुलाम शिपाई होई आणि शिपायाचा सरदारही होई. चंगेझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केले.

आता अंबर स्वतंत्र होता. पण त्याच्यापाशी ना जहागीर होती, ना नातलग. पुढील सुमारे वीस वर्षे त्याने विजापूर आणि गोवळकोंडा येथील दरबारांत शिपाईगिरी केली. ‘मलिक’ हा किताब त्याला विजापुरातच मिळाला. १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला. त्या वेळी त्याच्या हाताखाली अवघे दीडशे स्वार होते. थोड्याच वर्षांत ही संख्या काही हजारांवर गेली.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. चांदबिबी मारली गेली आणि बाल सुलतान कैद झाला. निजामशाही संपली, असे सर्वांना वाटले. मलिक अंबरने मात्र हार मानली नाही. त्याने राजघराण्यातील एका तरुणाला परांडा येथे दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः पेशवा झाला. पुढील पंचवीस वर्षे राज्याची खरी सूत्रे त्याच्याच हाती राहिली.

एवढे सामर्थ्य येऊनही त्याचा भूतकाळ त्याच्या पाठीशी होताच. त्या काळातील एका डच व्यापाऱ्याने एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. सुलतानाच्या दुसऱ्या राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. हे अंबरच्या कानी गेले. त्यानंतर १६१० साली सुलतान आणि ती राणी यांचा विषप्रयोगाने अंत झाला आणि पाच वर्षांचा राजपुत्र गादीवर आला. मलिक अंबरच्या चरित्रातील ही काळी बाजू आहे. ती झाकण्याचे कारण नाही. जन्मावरून आणि वर्णावरून होणारा अपमान माणसाच्या मनात किती खोल जखम करतो, हेही या प्रसंगातून दिसते.

मोगलांचे सैन्य अफाट होते. उघड्या मैदानात त्यांच्याशी लढणे म्हणजे सर्वनाश ओढवून घेणे, हे अंबरने ओळखले. त्याने गनिमी काव्याचा अवलंब केला. त्याच्या फौजेत हबश्यांबरोबर मराठा स्वारही मोठ्या संख्येने होते. मालोजीराजे आणि शहाजीराजे भोसले यांनी निजामशाहीची सेवा केली ती याच काळात. शत्रूची रसद तोडायची, रात्री छापे घालायचे आणि डोंगरांत दिसेनासे व्हायचे, ही त्याची पद्धत होती. १६२४ साली अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजा त्याच्यावर चालून आल्या. अंबरने तेथील तलावाचा बांध फोडला. पाण्याने आणि चिखलाने शत्रूची छावणी हैराण झाली आणि अंबरने मोठा विजय मिळवला. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला, तर त्यांचे बंधू शरीफजी यांना वीरमरण आले.

अंबरचे नाव केवळ लढायांमुळे टिकलेले नाही. त्याच्या आधी गावांचा महसूल मक्तेदारांकडून वसूल केला जाई आणि रयत नाडली जाई. अंबरने मक्त्याची पद्धत बंद केली. त्याने जमिनीची पाहणी करवून तिची प्रत ठरवली आणि पिकाचा अंदाज घेऊन सारा बांधून दिला. पुढे शहाजीराजांच्या पुणे जहागिरीतही या पद्धतीचा आधार घेतला गेला.

१६१० साली त्याने खडकी या गावी नवी राजधानी वसवली. १६१६ साली मोगलांनी हे शहर जाळले. अंबरने ते पुन्हा उभे केले. शहराला पाणी पुरवण्यासाठी त्याने ‘नहर-ए-अंबरी’ हा जमिनीखालचा कालवा बांधवला. उत्तरेकडील डोंगरांतले झिरपते पाणी केवळ उताराच्या आधाराने शहरात आणले. कालवा साफ करता यावा आणि त्यात हवा खेळावी म्हणून जागोजागी उच्छ्वास ठेवले. या नहरीने पुढच्या अनेक पिढ्यांची तहान भागवली. हे शहर त्याच्या मुलाच्या काळात फतेहनगर झाले, १६५३ पासून औरंगाबाद म्हणून ओळखले जाऊ लागले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले.

मोगल बादशहा जहांगीर अंबरला जिवंतपणी कधीच नमवू शकला नाही. आपल्या आत्मचरित्रात त्याने अंबरचा उल्लेख अपशब्दांनी आणि त्याच्या काळ्या वर्णावरून केला. अबुल हसन या दरबारी चित्रकाराने तर भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मस्तकावर जहांगीर बाण मारत असल्याचे चित्र काढले. प्रत्यक्षात असे कधीच घडले नव्हते. याच काळात हाशिम नावाच्या चित्रकाराने अंबरचे वेगळे चित्र रेखाटले. त्यात तो शांतपणे, धीरगंभीर मुद्रेने उभा आहे. हे चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. एकाच माणसाची ही दोन चित्रे पाहिली, की चित्र काढणाऱ्याची दृष्टीही चित्रात उतरते हे ध्यानात येते.

१६२६ साली सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मलिक अंबरचा मृत्यू झाला. त्याची कबर खुलताबाद येथे आहे. त्याच्यानंतर सात वर्षांतच दौलताबाद मोगलांच्या हाती पडले. अंबरच्या मृत्यूची नोंद करताना जहांगीरच्याच दरबारातील इतिहासकार मुतमदखान याने त्याच्या युद्धकौशल्याची आणि राज्यकारभाराची मोकळ्या मनाने प्रशंसा केली. कवींद्र परमानंद यांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही त्याच्या शौर्याचे गौरवाने वर्णन आले आहे.

आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक आजही गुजरात, कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगणात राहतात. ते तेथील भाषा बोलतात आणि तेथल्याच मातीत कष्ट करतात. तरीही अनेकदा त्यांना परके समजले जाते. मुंबईच्या छायाचित्रकार केतकी शेठ यांनी सिद्दी समाजाची छायाचित्रे २०१३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि या समाजाचे चेहरे जगासमोर आले. चार शतकांपूर्वी याच समाजातील एका माणसाने या भूमीचे रक्षण केले, तिची मोजणी केली आणि तिच्यावर एक शहर वसवले. माणूस कोठे जन्मला यापेक्षा, जेथे राहिला तेथे त्याने काय केले, यावरून त्याची ओळख ठरावी, हे मलिक अंबरच्या जीवनातून शिकण्यासारखे आहे.