पंचविशीत औरंगजेबाशी झुंज, पंचाहत्तरीत पेशव्यांशी : महाराणी ताराबाईंची गोष्ट

सातारा शहराजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर क्षेत्र माहुली आहे. इथंच छत्रपती ताराराणींची समाधी आहे. ज्या साताऱ्याच्या गादीशी त्यांचं उभं आयुष्य भांडण्यात गेलं, त्याच साताऱ्यात त्यांचा शेवट झाला.

ताराबाई मूळच्या कराडजवळच्या तळबीडच्या. सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची ही लेक, म्हणजे शिवरायांची सून. जन्म १६७५ चा.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचं निधन झालं. तेव्हा औरंगजेब खुद्द साताऱ्याला वेढा घालून बसला होता. पुढच्याच महिन्यात किल्ला पडला. मराठ्यांचं राज्य बुडालं, असंच मुघलांना वाटलं.

पण २५ वर्षांच्या ताराबाईंनी चार वर्षांच्या मुलाला, दुसऱ्या शिवाजींना गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला. बादशहा एकेक किल्ला घ्यायचा, मराठे तो परत मिळवायचे. मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरल्या. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला, तो दख्खन न जिंकताच.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. मुघलांनी संभाजीपुत्र शाहूंना सोडलं आणि गादीवर हक्क कोणाचा, यावरून घरातच लढाई पेटली. खेडच्या लढाईत ताराबाई हरल्या. साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला, तर ताराबाईंनी पन्हाळ्यावरून करवीरचं राज्य उभं केलं. तिथंही १७१४ मध्ये सवत राजसबाईंच्या मुलाला गादी मिळाली आणि ताराबाई मुलासह कैदेत गेल्या.

१७३१ च्या वारणेच्या तहानं दोन्ही राज्यांची हद्द ठरली. आज सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांमधून वाहणारी वारणा नदीच तेव्हाची सीमा होती.

पुढं शाहूंनी त्यांना साताऱ्यात आणून ठेवलं. १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले, तेव्हा ताराबाईंनी रामराजा हा आपला नातू असल्याचं सांगून त्याला गादीवर आणलं. तो पेशव्यांच्या सल्ल्यानं चालतोय म्हटल्यावर १७५० मध्ये त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. १७५२ मध्ये नानासाहेब पेशव्यांशी समेट करताना मात्र जेजुरीत शपथेवर सांगितलं, की तो आपला नातू नाहीच. गादीची पत त्यानं कायमची घसरली आणि सत्ता पुण्याकडं गेली.

डिसेंबर १७६१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी त्या गेल्या. त्याच वर्षी त्यांनी पानिपतही ऐकलं होतं आणि नानासाहेबांचा मृत्यूही.

प्रत्यक्ष राज्य केलं जेमतेम सात वर्षं. पण त्याच सात वर्षांमुळे पुढं भांडायला गादी शिल्लक राहिली.