शाळा मुलाच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

मूल शाळेत येत नसेल तर दोष कोणाचा? मुलाचा, पालकांचा की शाळेचा? बहुधा पहिल्या दोघांनाच बोल लावला जातो. थोर शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी मात्र शाळेलाच जाब विचारला आणि तिला मुलाच्या दारी नेले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. त्या काळी मुलीने पदवी घेणे ही अपूर्वाईची गोष्ट होती. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाच्या कार्याला वाहून घेतले. मॉन्टेसरी पद्धत त्यांना पटली होती. परंतु तिची साधने महाग पडत. खेड्यातील गरिबाच्या मुलाने मग काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा शिक्षिकाच वस्तीवर जाऊ लागल्या. मुलांना स्वच्छ करून तेथल्याच अंगणात गाणी, गोष्टी आणि खेळ सुरू झाले. हीच अंगणवाडी! शिंपले, पाने, बिया, खडे हीच साधने ठरली. मोजायला, रंग ओळखायला निसर्गाने फुकट दिलेले साहित्य पुरेसे होते.

पुढे हे कार्य डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी सुरू झाले. तेथे नवीच अडचण उभी राहिली. मुले दिवसभर गुरांमागे रानात असत. मग शिक्षक कुरणात गेले; गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरू लागला. तिला कुरणशाळा म्हणत. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी अडकत. त्यावर ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणल्या. कडेवरचे भावंड पाळणाघरात आणि ताई वर्गात! या योजनेला विकासवाडी असे नाव मिळाले.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी हे कार्य पुढे अखेरपर्यंत चालविले. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला.

पालकहो, आपल्या मोहल्ल्यातही लहान भावंडासाठी घरी राहिलेली एखादी मुलगी असेल. तिच्या नशिबाला बोल लावण्यापूर्वी तिची अडचण आपण दूर करू शकतो का, एवढे पाहू या. आणि विद्यार्थ्यांनो, सुट्टीत आपल्या अंगणात चार लहान मुले गोळा करून त्यांना गोष्ट सांगा. त्यासाठी इमारत लागत नाही, हे ताराबाईंनी दाखवून दिले आहे.