कार्ल बालिंग : आकड्याचा अर्थ लावणारे रसायनशास्त्रज्ञ

कार्ल बालिंग यांचा जन्म १८०५ साली बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात झाला. पुढे ते प्रागमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१८४३ साली त्यांनी साखरेच्या द्रावणांची घनता मोजून एक मापनश्रेणी तयार केली. १०० ग्रॅम द्रावणात १२ ग्रॅम साखर असेल, तर हायड्रोमीटर १२ अंश दाखवणार. आपल्या लॅक्टोमीटरसारखंच हे, द्रव जितका दाट तितकी नळी वर तरंगते. बिअर आंबताना यीस्ट साखर खातं, तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून आकडा खाली येतो.

पण गोम पुढेच आहे. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. त्यामुळे १२ वरून वाचन ३ वर आलं, तरी द्रवात उरलेला अर्क खरं तर साडेचार टक्क्यांच्या आसपास असतो. दिसणारा आणि खरा आकडा वेगळे काढायची सूत्रं बालिंग यांनी दिली.

१८६८ साली त्यांचं निधन झालं. चेक लोक आजही बिअरला दहा अंशी, बारा अंशी म्हणतात. हे अंश आंबवण्याआधीच्या अर्काचे असतात, अल्कोहोलचे नव्हेत.

घनतेचा पाठ घेताना मुलांना साखरेच्या पाण्यात लॅक्टोमीटर सोडायला लावा. तो दुधाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त घनता दाखवतो, हे त्यांना लगेच कळेल.